वरची पानं

खालून चौथं पान अठ्ठावीस मिलिमीटर लांब होतं. वाळवून कागदावर चिकटवलेल्या रोपावर अठ्ठावीस, आणि त्याच रोपावरून काढलेल्या चित्रातही अठ्ठावीस. सगळ्यात वरचं पान रोपावर अकरा मिलिमीटर होतं. चित्रात ते चौदा भरलं.

मी पट्टी बदलली, चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. चौदाच.

तीन मिलिमीटर म्हणजे तांदळाचा अर्धा दाणा. दुसऱ्या कुणाचं चित्र असतं तर मी पेन्सिलीने बारीक खूण करून परत पाठवलं असतं. पण हे माझ्या धाकट्या बहिणीचं चित्र होतं, आणि तिची चित्रं मोजायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. ती चुकायचीच नाही. केसाएवढा फरक पडला तरी तिला रात्री झोप लागत नसे.

आज मोजायला बसले ते एका वाक्यामुळे. आम्ही दोघी मिळून एक पुस्तक करत होतो: भिंतींच्या फटीत, गटाराच्या कडेला, जिन्याच्या कोपऱ्यात आपोआप उगवणाऱ्या वनस्पतींचं. वर्णन मी लिहायचं, चित्रं तिने काढायची. या रोपाबद्दल मी लिहिलं होतं, 'पानं वर जाताना लहान लहान होत जातात.' वाक्य लिहून शेजारच्या चित्राकडे पाहिलं तर पानं फारशी लहान होत नव्हती.

आणि या रोपाच्या बाबतीत तेवढंच महत्त्वाचं होतं. याच्यासारखंच दिसणारं दुसरं एक रोप याच भिंतींवर उगवतं. त्याची पानं खालपासून वरपर्यंत सारखी असतात आणि त्याचा चीक लागला तर कातडीवर फोड येतात. दोघांमधला फरक ओळखायचा तो वरच्या पानांवरून. चित्रातलं रोप धड हे नव्हतं, धड तेही नव्हतं. असं झाड जगात कुठेच उगवत नाही.

आमच्या संस्थेत वाळलेल्या रोपांची लोखंडी कपाटं आहेत. त्या खोलीत डांबरगोळ्यांचा वास असतो आणि फारसं कुणी येत नाही. मी कपाटं उघडून बाकीच्या चित्रांचे मूळ नमुने काढले आणि दिवसभर मोजत बसले. जुनी चित्रं बिनचूक होती. अलीकडच्या सगळ्या चित्रांत खालची पानं बरोबर, मधली किंचित मोठी, वरची बरीच मोठी. चुका अशा शिस्तीत येत नाहीत. हात थकला, नजर कमी झाली, तर चूक कुठेही होते. ही चूक पायऱ्या चढल्यासारखी खालून वर जात होती.

मी चित्रं गुंडाळून, त्यांचे नमुने पुठ्ठ्यांत घालून तिच्याकडे गेले.

तिने दार उघडलं तेव्हा तिच्या मानेला पट्टा होता.

"हे काय?"

"दागिना. नवीन केलाय."

"छोटे, मान दुखतेय आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मला मणक्यांची चित्रं काढून दिली असतीस. ये आत. चप्पल हळू काढ, एवढं एक पान करून घेते, उजेड बरा आहे."

तिची खोली मला पाठ होती, तरी त्या दिवशी मी ती नमुना पाहावा तशी पाहिली. तिचं जुनं लाकडी टेबल आता पांढऱ्या पत्र्याने झाकलेलं होतं, कारण लाकडाचा पिवळा रंग पडद्यावर मळका दिसतो. टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळलेला एक लोखंडी हात, त्याच्या टोकाला फोन, आणि फोनभोवती गोल दिवा. समोर उभ्या फळीवर मी दिलेला वाळका नमुना टाचलेला. रंग पाहण्यासाठी पेल्यात एक ताजी फांदी. फांदीने दिव्याखाली मान टाकली होती.

तिने पट्टा सोडून ठेवला. "आवाज येतो त्याचा. चरचर." मग उजवीकडे कलून बसली, जवळजवळ खुर्चीबाहेर. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "डोकं मध्ये आलं की लोक लिहितात, ताई, केस बाजूला घ्या, काही दिसत नाही."

मग तिने बटण दाबलं आणि आमच्या घरात कुणीच बोलत नाही अशा आवाजात म्हणाली, "नमस्कार मंडळी! आज आपण भेटणार आहोत एका छोट्याशा मैत्रिणीला!"

मैत्रीण म्हणजे ते रोप.

पहिला फटकारा सुंदर आला. पण अंगठ्याची सावली पडली म्हणून तिने तो पुसला. दुसरा आला, तेवढ्यात खाली कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवला. तोही पुसला. तिसऱ्या वेळी कागदाचा पोत उठला होता, ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं. पान झालं. मग एका आधीच पूर्ण झालेल्या पानावर तिने भरपूर ओला हिरवा सोडला. तो पसरला. तो पसरत असताना ती काही बोलली नाही, आणि बटण बंद केल्यावर टिपकागदाने सगळा रंग टिपून काढला.

"हे कशाला?"

"ओला रंग पसरताना बघायला आवडतं लोकांना. झोप लागते म्हणतात."

"पण ते पान झालं होतं."

"हो ना. बिचारं रोज दोनदा होतं."

ती हसली. मी हसले नाही, कारण मला मघाशीच कळलं होतं. पान काढताना ती फळीवरच्या नमुन्याकडे बघत होती आणि मग फोनच्या पडद्याकडे. नमुना, पडदा, नमुना, पडदा. कुंचला कागदावर चालत होता, पण कागदाकडे ती एकदाही बघत नव्हती.

फोन सरळ वर नव्हता. थोडा तिरपा होता, तिच्या बाजूने आत झुकलेला. कागदाची खालची कड त्याला जवळ, वरची लांब. लांबचं लहान दिसतं. पडद्यावर लहान दिसतंय म्हणून ती वरचं पान नकळत मोठं करत होती, पडद्यावर बरोबर दिसेपर्यंत.

"डिव्हायडर कुठाय?" मी विचारलं.

"आहे इथेच." तिने खण उघडला. चार्जर, वायरी, फोनच्या काचा, त्याखालून तो निघाला. तो मुळात माझा, माझ्या शाळेच्या कंपासपेटीतला. ती चौथीत असताना तिने पळवला होता आणि माझ्याकडून मार खाऊनही परत दिला नव्हता. पुढची सगळी वर्षं तिने प्रत्येक पान त्यानेच मोजलं. एक टोक नमुन्यावर, दुसरं टोक नमुन्यावर, तसाच उचलून कागदावर. आता त्याचं एक टोक वाकलेलं होतं.

"हे कशाने वाकलं?"

तिने ते टोक बोटाने चाचपलं. "फोनचं सिम काढते मी त्याने. त्या बारक्या भोकात बरोबर बसतो."

मी चित्रं उलगडली, शेजारी त्यांचे नमुने मांडले आणि म्हटलं, "मोज."

"आता?"

"हो, आता."

तिने टोक चिमटीत धरून सरळ केलं. वरचं पान मोजलं. मग नमुन्यावर ठेवून बघितलं. पुन्हा चित्रावर. मग माझ्याकडे न बघता दुसरं चित्र ओढलं, मग तिसरं. तिची मान लाल होत गेली. शाळेत असताना बाई ओरडल्या की व्हायची तशी.

शेवटी तिने चित्र फोनखाली सरकवलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. "इथे बघ. इथे बरोबर दिसतंय."

खरंच बरोबर दिसत होतं. पडद्यावर पानं वर जाताना लहान होत होती, अगदी माझ्या वाक्याप्रमाणे.

"सरळ का नाही लावलास हा फोन?"

"आधी सरळच होता. मग त्याचीच सावली कागदावर पडायची. लोक विचारायचे, ते मधे काळं काय आहे? म्हणून तिरपा केला."

"आणि मोजायचं का सोडलंस?"

ती खुर्चीत सरळ बसली. सरळ बसताना तिला त्रास झाला. "मी डिव्हायडर हातात घेतला की माणसं उठून जातात, ताई. मला फोनवर दिसतं ना, किती जण बघतायत त्याची रेघ असते. रंग असला की रेघ वर. मोजायला लागले की धाडकन खाली. मोजणाऱ्या बाईकडे कोण बघत बसेल? मग मी आधी मोजून ठेवायचे आणि नंतर बटण दाबायचे. मग दोन्हीला वेळ पुरेना. एके दिवशी म्हटलं, इतकी वर्षं मोजतोय, आता अंदाज आला असेल. आणि जमतंय असं दिसत होतं गं. रोज दिसत होतं."

मी उठून फोन त्या लोखंडी हातातून काढला आणि खिडकीत उपडा ठेवला. "आता काढ. एकच पान. मोजून."

तिने नवा कागद घेतला. डिव्हायडर नमुन्यावर लावला, कागदावर दोन टिंबं दिली. पेन्सिल टेकवली आणि मान वर केली. वर रिकामा लोखंडी हात होता. तिने खाली बघितलं, अर्धी कड काढली, पुन्हा मान वर. तिसऱ्यांदा तिचं तिलाच कळलं. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही तळहात मांडीखाली घातले.

"चाळा लागलाय नुसता," ती म्हणाली. "थांब, जाईल."

मी थांबले. तिने पुन्हा पेन्सिल उचलली नाही.

"डोळे तपासून घेऊ या का?"

"डोळ्यांना काय धाड भरलीये? डोळे चांगले आहेत. तिथे बघितल्याशिवाय ते मला खरं वाटत नाही, एवढंच."

तेवढ्यात खिडकीतला फोन थरथरला. संपादकबाई होत्या. वाईट बाई नाहीत त्या. आमच्या पुस्तकासाठी त्या त्यांच्या वरिष्ठांशी दोनदा भांडल्या होत्या. पण सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं होतं की पुस्तक यायच्या आधी माणसं जमली पाहिजेत, रोज काहीतरी दिसत राहिलं पाहिजे. बहिणीने आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला आणि मी काय झालंय ते सांगितलं.

"अहो, तीन मिलिमीटर ना?" संपादकबाई म्हणाल्या. "पट्टी घेऊन कोण मोजणार आहे?"

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही सोडून हो!" त्या हसल्या. मी त्या दुसऱ्या रोपाबद्दल, चिकाबद्दल, फोडांबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "तळटीप टाकू या. चित्र प्रमाणात नाही, अशी. किती चित्रं आहेत अशी?"

"निम्म्याहून जास्त," बहीण म्हणाली. "परत काढावी लागतील. आणि ती काढताना मी रोजचं हे करू शकणार नाही. दोन्ही होत नाही, ते आता दिसलंच."

"किती दिवस?"

"वर्ष. जास्तही लागेल."

"वर्षभर दिसला नाहीत तर लोक विसरतात हो. वर्ष कशाला, महिन्यात विसरतात. पुस्तकाला तारीख मिळालीये ती तुमच्या त्या माणसांवर. उद्या ती पांगली तर मी वर काय सांगू? पानं लहान करायला वेळ लागतोय म्हणून?" त्यांचा स्वर खाली आला. "मलाही आवडत नाही हे सगळं. मलासुद्धा पुस्तकांपुढे उभं राहून रोज नाचायला लावतात. पण सध्या असंच आहे. तुम्ही ठरवा आणि मला कळवा."

"विचार करून सांगते," बहीण म्हणाली.

हे तिचं वाक्य माझ्या ओळखीचं होतं. प्रदर्शन झालं की हे सगळं बंद करते, असं ती म्हणाली होती. मग दिनदर्शिका झाली की. मग हे पुस्तक झालं की. दरवेळी मी मान डोलावली होती, आणि दरवेळी तो लोखंडी हात टेबलावर थोडा अधिक घट्ट आवळलेला दिसला होता.

निघताना मी तिला नवे नमुने दिले नाहीत. तिनेही मागितले नाहीत.

पुढचे दिवस तिच्या चित्रफिती येतच राहिल्या. मला ते आईमुळे कळायचं. आई माझ्याकडे राहते. गुडघ्यांमुळे तिचं बाहेर जाणं बंद झालंय. दुपारचं जेवण झालं की ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, चष्मा पदराने पुसते आणि फोन नाकाशी धरते. प्रत्येक चित्रफितीला ती बदाम देते.

"आजवर इतके बदाम दिलेत हिला," ती म्हणायची, "खरे दिले असते तर अक्कल तरी आली असती."

चित्र तिला फारसं दिसत नाही. ती हात बघते.

"नखं कापलीत आज हिने."

"हूं."

"कालपासून अंगठी नाही बोटात. बोट सुजलं असणार. उपाशीपोटी काम करते, दुसरं काय. फोन केला की म्हणते, आई, नंतर करते. आता ते नंतर कधी येतं? हात मात्र रोज येतात बिचारे."

मी काही सांगितलं नाही. कसं सांगणार? हे बंद झालं पाहिजे असं मला वाटत होतं, आणि बंद झालं तर दुपारी या खुर्चीत काय उरेल तेही मला समोर दिसत होतं. मी मनात वाक्यं जुळवायचे आणि त्यातलं एकही बोलायचे नाही.

एक दिवस आई म्हणाली, "आज हिचे हात कापत होते."

"प्रकाशामुळे वाटलं असेल."

"मला शिकवू नकोस. मी त्या हातांना जेवायला शिकवलंय." तिने फोन मांडीवर ठेवला. "काय झालंय गं? तुम्हा दोघींचं काही बिनसलंय का?"

"नाही गं आई. काम जास्त आहे तिला."

"काम तुलाही आहे. तुझे नाही कापत."

त्याच आठवड्यात बहीण आली. न सांगता, भर दुपारी, आईच्या त्या वेळेच्या थोडी आधी. मानेला पट्टा होता. हातात काही नव्हतं, नेहमीची रंगांची पिशवीही नाही. आईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अगंबाई! आज हात माणसासकट आले!"

"आले. सोबत मानही आणलीये, बघ."

"हा पट्टा कसला? तो नाही दिसत कधी."

"तो नसतोच दाखवायचा," बहीण म्हणाली आणि आईच्या पायाशी जमिनीवर बसली. लहानपणी केस विंचरून घ्यायला बसायची तशी, पाठ खुर्चीला टेकून.

मी पाणी आणलं. ती प्यायली आणि पेला खाली ठेवून खिडकीकडे बघत राहिली. खिडकीच्या बाहेर, गजांच्या खाली, सिमेंटला एक चीर आहे. तिच्यात दरवर्षी काहीतरी उगवतं. या वर्षी नेमकं तेच रोप उगवलं होतं. ती उठली, खिशातून डिव्हायडर काढला आणि गजांतून हात घालून वरचं पान मोजलं. मग खालचं. दोन्ही टोकं सरळ होती, कुणीतरी नीट कानसलेली. ती कागद शोधत नव्हती, काढायचं काही नव्हतं. नुसतं मोजत होती, हळूहळू, प्रत्येक पान, आणि या वेळी तिने मान वर केली नाही.

"काय करतेय ही?" आईने मला विचारलं.

"मोजतेय."

"कशाला?"

"तशीच," मी म्हटलं.

बहीण परत येऊन बसली. आईने तिचा उजवा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, सुजलेलं बोट दाबून पाहिलं. पडद्यावर जे तिला इतके दिवस बघावं लागत होतं ते आता तिच्या मांडीवर होतं, तरी सवयीने तिचा दुसरा हात फोनकडे गेला.

"मग आजचं कधी येणार तुझं? चष्मा पुसून बसलेय मी मघापासून."

बहिणीने माझ्याकडे बघितलं नाही. आईच्या हातातला आपला हात तिने तसाच राहू दिला. तिचा चेहरा रडल्यासारखा झाला होता, पण आवाज तिचा होता, आमच्या घरातला.

"आज नाही येणार, आई. उद्याही नाही. मी ते बंद करतेय. चुकलेली सगळी चित्रं पहिल्यापासून काढणार आहे, एकेक पान मोजून. पुस्तक होईल की नाही, माहीत नाही. हात जमवून घेईल की नाही, तेही माहीत नाही. संपादकबाईंना अजून कळवलं नाहीये. आधी तुला सांगायला आले."